उमेदवाराचे वार

॥ श्री ॥

अमरावती,
ता. २० जून १९३८

ती. सौ. बाईच्या चरणी,

धाकटा भाऊ किसन याचा शि. सा. नमस्कार वि. वि. इकडे सर्व मंडळी खुशाल आहेत. तुझा गुडघा आणि श्री. नत्थुजी दाजींचा खोकला यांचे वर्तमान कळवावे.

पत्रास कारण आनंदाचे आहे. शाळाखात्यातून निवृत्त झाल्यापासून मी ज्या होतकरू विद्यार्थी साहाय्यक मंडळाचा चिटणीस आहे, त्या मंडळाचा पहिला मॅट्रिक बाहेर पडला. जानराव त्याचे नाव. शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्याच्या बागेत त्याचा बाप रखवालदार होता. तो वारला. आई सत्यभामाबाई त्याच बागेतल्या खोपटात राहून खुरपणीला जाते. मुलगा मंडळाच्या आधाराने येथे राहून शिकला. परवा त्याचा जाहीर सत्कार केला. मी बोललो, उपाध्यक्ष बोलले, आणि ज्यांनी बोलणार नाही असे कळवले होते तेही बोलले. हार आपल्याच मळ्यातल्या मोगऱ्याचा होता. जानरावालाही दोन शब्द बोलायचे होते असे मागाहून कळले, पण तोवर सभागृह दुसऱ्या संस्थेला द्यायची वेळ झाली होती.

तू म्हणशील, पुढे काय? आमच्या मंडळाचे ब्रीदच मुळी 'शाळेच्या बाकापासून कचेरीच्या खुर्चीपर्यंत' असे आहे. तुमच्या अकोल्याचे केशवराव माझे जुने स्नेही. ते ज्या बागाईतदार सहकारी संघाचे अध्यक्ष आहेत, तेथे जानरावास उमेदवार म्हणून घेण्याचे त्यांनी तत्काळ मान्य केले. उमेदवारी तूर्त बिनपगारी आहे. काम शिकायचे, आणि जागा निघाली की पहिला हक्क त्याचा. जेवणाचाही प्रश्न मी सोडवला आहे. ब्राह्मणांच्या मुलांना वार लावून देण्याची चाल आपल्या लोकांत का नसावी? संघाच्या एकेका संचालकाने आठवड्याचा एकेक वार घेतला आहे, त्या दिवशी जानराव त्यांच्या घरी जेवेल. रविवार तुझ्याकडे ठेवला आहे. मात्र पगार सुरू झाला की त्याच दिवशी वार बंद, असा कडक नियम मी घालून दिला आहे. पगारी माणसाने दुसऱ्याच्या घरी पानावर बसावे हे मंडळाला शोभणार नाही.

एक गोष्ट तेवढी लक्षात ठेव. बागेच्या मालकांनी सत्यभामाबाईला सांगितले आहे की दिवाळीनंतर संत्र्यांची तोड सुरू होते, तेव्हा रखवालीला घरचा पुरुष हवा. मुलगा आला तर ठीक, नाहीतर खोपट रिकामे करावे. मी मालकांना कळवून टाकले की मुलगा नोकरीस लागला आहे, आणि दिवाळीपूर्वी आईला अकोल्यास नेईल. त्यामुळे ती चिंता मिटली.

दाजींस नमस्कार. माझ्यावरचा लोभ जुनाच आहे, त्यातला थोडा मंडळाकडे वळवावा ही विनंती.

तुझा
किसन


अकोला,
ता. १४ जुलै १९३८

चि. किसनले माणिकबाईचे आशीर्वाद. तुह्यं पत्र भेटलं. गुडघा दुखतेच, अन् यांचा खोकला आता घरचा मानूस झाला. तो बसून राहते, आमी उठून जातो.

तुहा जानराव आला. स्टेशनावर आमचा पंजाब गेलता. पंजाबचं तुले माहीतच आहे, मॅट्रिकच्या परीक्षेचा रस्ता तोंडपाठ आहे, पार काही झाला नाही. मॅट्रिक झालेलं पोरगं कसं दिसते ते पाहाले गेलता म्हन. पाहून आला अन् म्हने, माय, आपल्यासारखंच दिसते, फक्त वाळलेलं आहे. मी भाकर अन् वांग्याचं भरीत वाढलं. पोरगं इतकी खाली मान घालून जेवलं का मले वाटलं तुमी घातलेला हार अजून गळ्यातच आहे.

आता वारांचं ऐक. तू घरं लावून देली, बरं केलं. पन कोनं कोनता वार घेतला ते तू पाह्यलं नाही. सोमवार केशवरावचा. त्याच्या घरी सोमवारी सगळेच उपास धरतात, म्हनून तर त्यानं सोमवार घेतला! पोरगं जाते, चार साबुदाने खाते अन् केशवरावच्या दोघा पोरांचे धडे घेऊन वापस येते. मंगळवारची बाई त्याच्या हातून माहेरचे कागद लिहून घेते, अन् तिले माहेर लय आहे. गुरुवारच्या घरी म्हातारा आहे, डोळे गेलेला. त्याले सगळं वर्तमानपत्र, जाहिरातीसकट, मोठ्यानं वाचून दाखवा लागते, तवा कुठं पान मांडतात. शुक्रवारवाले दळन देऊन चक्कीवर धाडतात. मॅट्रिक आहे म्हने, पिठात फसनार नाही. रविवारी माह्या घरी काही काम नाही. फक्त पंजाबले दोन गोष्टी शिकव म्हनलं.

दिवसा संघाच्या कचेरीत बसते. तिथला जुना कारकून आता पान खाते अन् सही करते, बाकीचं सारं जानराव. झोपाले बी तिथंच. तो झोपते म्हनून केशवरावनं कचेरीचा रखवालदार काढून टाकला. किसन, रखवालदाराच्या पोराले रखवाली करा लागू नये म्हनून तू त्याले शिकवलं. तो आता कचेरीची रखवाली करून राहिला, ते बी बिनपगारी. बापाले निदान खोपट तरी होतं.

दिवाळीची गोष्ट मी ध्यानात ठेवली आहे. तू ठेवली का? पोराले जेवाले सात घरं झाली. त्याच्या मायले राहाले एक बी नाही. याचं उत्तर लिहिजो.

भावजयले आशीर्वाद, लेकरांले मुके. मंडळाले माह्याकडून काही नाही.

तुही
माणिकबाई


अकोला,
ता. १८ ऑगस्ट १९३८

तीर्थस्वरूप किसनराव साहेब यांचे सेवेशी,

आज्ञाधारक जानराव याचा साष्टांग नमस्कार वि. वि. आपल्या कृपेने मी येथे अत्यंत सुखात आहे. कचेरीत रोज नवीन शिकावयास मिळते. माल पाठविण्याच्या पावत्या, सभासदांची पत्रे, बडनेऱ्याच्या मालधक्क्याशी होणारा पत्रव्यवहार हे सर्व आता मीच पाहतो. केशवराव साहेब म्हणाले की असा उमेदवार संघाला पूर्वी कधी लाभला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी टपालाचे कामही दिले.

सर्व घरी मला आपले समजतात. आपल्या माणसाला काम सांगताना जसा संकोच वाटत नाही, तसा त्यांना वाटत नाही. गुरुवारच्या आजोबांना माझे वाचन फार आवडते. युरोपात लढाई होणार की नाही हे ते मलाच विचारतात. सोमवारी मला उपासाचे पुण्य लागते. माणिकबाईंकडे रविवारी मी पोटभर जेवतो. हे मी त्यांना सांगितले नाही, पण त्यांना कळते असे वाटते.

एक विचारावयाचे होते. आईचा निरोप आला आहे. मुलाला नोकरी लागली असे आपले पत्र मालकांनी तिला वाचून दाखविले, तेव्हापासून ती निघण्याच्या तयारीत आहे. अकोल्यास मुलाच्या घरी सगळे असेलच म्हणून तिने आपला पाटा-वरवंटा शेजारणीस देऊन टाकला. कोणत्या महिन्यात गाठोडे बांधू, असे ती विचारते. तिला काय कळवावे? पगाराविषयी केशवराव साहेबांस आपण होऊन विचारणे बरे दिसेल काय, याचेही मार्गदर्शन व्हावे. उत्तराची घाई नाही. मात्र दिवाळी यंदा लवकर येते आहे असे वाटते.

आपल्या पायांची आठवण ठेवून राहणारा,
आपला आज्ञाधारक बालक
जानराव


अमरावती,
ता. ५ सप्टेंबर १९३८

ती. सौ. बाईस,

किसनचा शि. सा. नमस्कार वि. वि. तुझे पत्र आले. तुझा स्वभाव लहानपणापासून रोखठोक, त्याबद्दल मला आदरच आहे. परंतु समाजकार्यात असा उतावळेपणा चालत नाही. केशवरावांचे सर्व कुटुंब सोमवारी उपास धरते हे ऐकून उलट माझा त्यांच्याविषयीचा आदर दुणावला. ज्या दिवशी स्वतः जेवत नाहीत, त्या दिवशीही ते एका गरीब मुलाला जेवायला बोलावतात!

जानरावाचेही पत्र आले. मुलगा सुखात आहे. पगाराविषयी त्याने विचारू नये असे मी त्यास कळवतो आहे. उमेदवाराने पगार विचारला की उमेदवारीचा सगळा भाव निघून जातो. आईचे म्हणशील तर दिवाळीस अजून अवकाश आहे, आणि मालक तरी एका विधवेला एकदम बाहेर थोडेच काढतील? मी त्यांना पत्र लिहिणारच होतो, पण इकडे वार्षिक अहवालाची घाई आहे. अहवालात जानरावाचे नाव 'मार्गी लागलेले विद्यार्थी' या सदरात पहिले टाकले आहे. त्या सदरात तूर्त तो एकटाच आहे.

मुलांना नोकऱ्या लावून देण्याचा पत्रव्यवहार इतका वाढला, की मंडळाला एक पगारी कारकून नेमावा लागला. केशवरावांच्या भाच्यास घेतले. अक्षर जरा बेताचे आहे, आणि मॅट्रिकला दोनदा अपयश आले, परंतु घराणे चांगले. तुझ्या मनात येईल की ही जागा जानरावास का दिली नाही. माझ्याही मनात आले होते. पण बाई, तो तर मार्गी लागलेला! मार्गी लागलेल्यास पुन्हा मंडळाची मदत देता येत नाही, असा आमचा नियम आहे. नियम मीच केला असल्यामुळे मोडणे मलाच सर्वांत कठीण.

दाजींच्या खोकल्यास अडुळसा द्यावा. माझा खोकला बोलण्याचा आहे, त्यास औषध नाही असे तू म्हणशील, म्हणून आधीच लिहून टाकतो. माया असू द्यावी.

तुझा
किसन


अकोला,
ता. २६ सप्टेंबर १९३८

चि. किसनले माणिकबाईचे आशीर्वाद. पेढे धाडले आहेत, नासायच्या आधी खाजो.

आपला पंजाब लागला! संघाचा जुना कारकून काम सोडून गावाले गेला, अन् केशवराव स्वतः घरी येऊन सांगून गेले का पंजाबरावले उद्यापासून खुर्चीवर बसवा. पगारी. तू त्याच्या भाच्याले घेतलं, त्यानं तुह्या भाच्याले घेतलं. मी म्हनलं पंजाबले मॅट्रिक नाही, तर म्हने त्याचं काही अडत नाही, हाताखाली मॅट्रिक आहे. पंजाबले नवीन टोपी घेतली. यांचा खोकला त्या दिवशी एकदा बी आला नाही. मी देवाजवळ दिवा लावला अन् शेजारच्या बायांले बोलावून च्या पाजला.

पेढे वाटाले जानराव गेलता. कोनत्या घरी कोन कवा असते ते त्यालेच माहीत.

लिहाले आणखी काही नाही. गुडघा बरा आहे.

तुही
माणिकबाई


अमरावती,
ता. ४ ऑक्टोबर १९३८

चि. जानरावास,

किसनरावाचे आशीर्वाद. संघातील जागा चि. पंजाबरावास मिळाल्याचे कळले. तू मनास लावून घेणार नाहीस अशी खात्री आहे. तो माझा भाचा, तू मला मुलासारखा. म्हणजे खुर्ची घरातच राहिली असे समजावे. शिवाय तिच्या तू आता पूर्वीपेक्षा जवळ आला आहेस. पंजाबरावास काम शिकवावे, तो वयाने वडील आहे तेव्हा शिकवतो आहेस असे दिसू देऊ नये. पुढची जागा निघाली की पहिला हक्क तुझाच.

मातोश्रींस धीर धरावयास सांगावे. बागेच्या मालकांना मी वेळ मिळताच लिहितो. तुझ्याविषयीची आमची आपुलकी यत्किंचित कमी झालेली नाही, हे वेगळे लिहिण्याची गरज नव्हती, तरी लिहिले.

किसनराव


अकोला,
ता. १२ नोव्हेंबर १९३८

चि. किसनले माणिकबाईचे आशीर्वाद. तुह्यावर रागावली आहे. पन आधी काय झालं ते सांगते, मंग रागावते.

पंजाब खुर्चीवर बसला तवापासून मी खुश होती, खोटं कायले बोलू. डब्यात रोज तूप घालत होती. एक दिवस डबा भरलेला वापस आला. दुसऱ्या दिवशी बी. म्हनलं काय झालं रे, पोटात दुखते का? तर पोरगं खाली पाहून म्हने, 'माय, काम तो करते, सही मी करतो, अन् पगार आपल्या घरी येते. मले तुह्यं तूप गोड लागत नाही.' किसन, ज्याले आपन सारे ढ म्हनतो तो हे बोलला. मी डबा बाजूले ठेवला अन् त्याले खाली बसवलं.

मंग त्यानं सारं सांगितलं. दिवाळी झाली, बागेच्या मालकानं सत्यभामाबाईचं गाठोडं खोपटाबाहेर काढून ठेवलं. तोड चालू झाली, रखवालीले मानूस नाही, तो बी काय करन. पोराले निरोप आला तो गुरुवार होता. निरोप खिशात ठेवून गुरुवारच्या घरी गेला, अन् म्हाताऱ्यासमोर वर्तमानपत्र वाचता वाचता त्याचा आवाज बसला. म्हाताऱ्याले वाटलं सर्दी झाली, सुंठ देली. कोनी विचारलं नाही. मी बी नाही. माह्या दारात तो पेढ्याची टोपली घेऊन उभा होता, तवा बी मी त्याच्या तोंडाकडं पाह्यलं नव्हतं.

पंजाब म्हने, मी जातो शेंदूरजन्याले. मले झाडं समजतात, कागद समजत नाहीत. मालकाले घरचा पुरुष पायजे ना, मी जानरावचा भाऊच आहो म्हनून सांगतो. नवीन टोपी खुंटीले टांगली, काठी अन् घोंगडं घेतलं अन् मोटारीत बसून गेला बी. आता बाग राखून राहिला. सत्यभामाबाईचं गाठोडं पुन्हा खोपटात गेलं, पंजाब बाहेर मचानावर झोपते. माळ्याचं पोरगं शेवटी मळ्यात गेलं, याचं मले वाईट वाटाले पायजे होतं. नाही वाटलं.

इकडं खुर्ची रिकामी झाली. केशवराव त्याच दिवशी दुसरा भाचा पाहाले लागले. जानराव बिचारा फडक्यानं खुर्ची पुसून तिच्या बाजूले सतरंजीवर बसून काम करून राहिला.

मंग मी काय केलं म्हनशील, तर काही नाही केलं. आपल्या भाजीच्या दुकानावर बसली अन् बोलली. तू ज्या घरांले वार वाटून देले, त्या साऱ्या घरच्या बाया माह्याचजवळ भाजी घेतात. एकेकीले मेथीची जुडी बांधता बांधता सांगितलं, जानराव चालला वं गावाले. त्याले बापाच्या जागी रखवालीची नोकरी भेटली, पगारी. मंगळवारवाली मेथी तिथंच ठेवून घरी गेली. शुक्रवारवाली म्हने, मंग दळन कोन नेईन? गुरुवारच्या म्हाताऱ्यानं तर जेवनच सोडलं, म्हने युरोपात काय चाललं ते मले आता कोन सांगन. केशवरावच्या पोरांची सहामाही परीक्षा तोंडावर आली होती. त्याच्या बायकोनं त्याले काय म्हनलं ते मी लिहित नाही, तुह्या मंडळाच्या कपाटात हा कागद राहीन.

केशवराव आले. अंगनात उभे राहून म्हने, माणिकबाई, पोराले समजवा, उमेदवारी मधातच सोडनं चांगलं नाही, पुढं जागा निघन. मी म्हनलं, जागा निघालीच आहे, पोरगं रोज तिच्यावरची धूळ पुसते. तर म्हने, पन काम तर तो तसा बी करून राहिला, पगार देऊन संघाले नवीन काय भेटन? तवा मी त्याले म्हनलं, 'केशवराव, नवीन काही भेटनार नाही. आहे ते जानार नाही, एवढंच.'

सभा भरली. सगळ्या संचालकांनी हात वर केला म्हन, अन् हुशारी, सचोटी, कार्यतत्परता असं काय काय ठरावात लिहिलं. ते तुह्या अहवालात छापजो. पन तुले खरं सांगते, पोराले नोकरी म्हाताऱ्याच्या वर्तमानपत्रानं अन् शुक्रवारच्या पिठानं देली. कचेरीचं काम कोनाच्या ध्यानात बी नव्हतं. एक तारखेपासून पगार सुरू. पहिला पगार झाला का खोली घेऊन मायले आनते म्हने.

आता रागावते. पोराले सात घरं देली अन् त्याच्या मायले एक बी नाही, हे मी तुले जुलैत लिहिलं होतं. तू अडुळसा सांगितला. मालकाले पत्र लिहितो लिहितो म्हनत दिवाळी घालवली. तुह्या मंडळाचं ब्रीद लय लंबं आहे किसन, त्यातून अर्धं काढ अन् एका मानसाले वेळेवर एक कार्ड टाकत जा. झालं, रागावली.

अन् हो, तू तो वाराचा एक नियम केलता ना? केशवरावले त्याची याद नाही. मी बी करून देली नाही.

पंजाबनं संत्री धाडली आहेत, त्यातली अर्धी तुले. गोड निघाली तर मले आठव, आंबट निघाली तर सोताले.

तुही
माणिकबाई


अमरावती,
ता. २० डिसेंबर १९३८

ती. सौ. बाईस,

किसनचा शि. सा. नमस्कार वि. वि. संत्री पोचली, गोड होती. तुझ्या पत्रातील कठोर भाग मी दोनदा वाचला. मालकांना पत्र लिहायला हवे होते, हे मला मान्य आहे. आता लिहिण्याचे कारण उरले नाही, म्हणून लिहिले नाही.

मात्र शेवट गोड झाला आणि मंडळाचे धोरण खरे ठरले, हे तूही नाकारणार नाहीस. अहवाल पुन्हा छापायला घेतला आहे. जूनमध्ये जानराव मार्गी लागला तो एक, आता लागला तो दुसरा. पंजाबराव संघात लागला तो तिसरा, बागेत लागला तो चौथा. पहिल्याच वर्षी चार मुले मार्गी लागली! उपाध्यक्षांचे डोळे पाणावले.

पण इकडे एक चमत्कारिक अडचण उभी राहिली आहे. केशवरावांचे पत्र आले, त्यामागोमाग बाकीच्या संचालकांचीही आली. सगळ्यांची तक्रार एकच. एक तारखेपासून जानराव कोणाच्याच घरी जेवायला येत नाही. केशवरावांनी मुलांची दप्तरे मांडून ठेवली, साबुदाणा भिजवला, आणि हा आलाच नाही. बोलावणे पाठवले, तर नम्रपणे सांगितले म्हणे, की पगार सुरू झाला त्या दिवशी वार बंद, असा किसनराव साहेबांचा नियम आहे, तो माझ्याने मोडवणार नाही. गुरुवारचे आजोबा माझ्यावर चिडले आहेत. मी काय करू? नियम माझाच. माझा नियम कोणी शब्दशः पाळला असे आयुष्यात प्रथमच घडले, आणि त्याचाही मला आनंद होऊ दिला नाही.

त्यांचे समाधान करणे भाग होते. मंडळाचा दुसरा मॅट्रिक, दौलत नावाचा, तयार आहे. आई-बाप नाहीत, मुलगा अत्यंत गुणी. त्याला उमेदवार म्हणून संघात पाठवतो आहे. जानरावाच्या हाताखाली शिकेल. संचालकांनी आपापले वार आनंदाने पुन्हा घेतले आहेत. तुझा रविवार मी गृहीत धरला आहे.

जानेवारीत वार्षिक समारंभ आहे. त्यात जानरावाने यावे, हार घ्यावा, आणि या खेपेस दोन शब्दही बोलावेत, असे ठरले आहे. त्यासाठी वेळ राखून ठेवली आहे. तसे त्यास वेगळे कळवतो आहे. भावाच्या चुका पोटात घालाव्यात, तेथे जागा कमी पडत असेल तर निदान पत्रात घालू नयेत.

तुझा
किसन


अकोला,
ता. १३ जानेवारी १९३९

ती. किसनराव साहेब यांस,

जानराव याचा नमस्कार वि. वि. आपले पत्र व समारंभाचे निमंत्रण मिळाले. आपण माझ्यासाठी वेळ राखून ठेवलीत, त्याबद्दल आभारी आहे. परंतु मला येता येणार नाही. तो कामाचा दिवस आहे. उमेदवार असतो तर केव्हाही आलो असतो. आता रजा घ्यावी लागते, आणि पगार कापतात. पगार कापला जाण्याची गोष्ट मी आईला सांगितली, तर तिला फार कौतुक वाटले.

आई येथे आली आहे. माणिकबाईंच्या गल्लीत खोली घेतली. पहिल्या दिवशी तिने नवा पाटा-वरवंटा आणवला आणि ठेचा वाटला, मग बाकीचे सामान उघडले. पंजाबभाऊ बागेत मजेत आहेत. मालक त्यांच्यावर खुश आहेत. तुमचे शिक्षण किती असे मालकांनी विचारले, तेव्हा थोडक्यात वाचलो असे त्यांनी सांगितले. गुरुवारच्या आजोबांकडे मी रविवारी सायंकाळी जातो. वर्तमानपत्र वाचतो आणि घरी येऊन जेवतो. त्यांना आवडते आणि मलाही आवडते, म्हणून जातो. हे नियमात बसते असे समजतो.

दौलत गेल्या आठवड्यात आला. आपण लिहिल्याप्रमाणे मुलगा गुणी आहे. त्याच्यासाठी सर्व वार ठरलेले होते. सोमवारच्या घरी पुन्हा साबुदाणा भिजला होता. मी त्याला कोठेही पाठविले नाही. तो माझ्या खोलीवर राहतो आणि आईच्या हातचे जेवतो. संघातही मी त्याला बसविला नाही. उमेदवाराचे जे काम असते ते तूर्त मीच करतो, कारण मी पगारी आहे. बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर माल उतरवून घेण्यासाठी संघाला एक माणूस लागणार आहे, पुढील महिन्यात सभा आहे. तोवर दौलत खोलीवर बसून राहील. त्याला बसून राहणे जड जाते, सारखे काम मागतो. मी त्याला आईची भांडी घासू देतो, पण बाहेर कोणाच्या दृष्टीस पडू देत नाही. केशवराव साहेब रोज विचारतात, मुलगा कसा आहे? मी सांगतो, ठीक आहे, पण पगाराशिवाय हात चालवील असे वाटत नाही. त्यामुळे त्यांच्या मनात त्याच्याविषयी थोडा आदर उत्पन्न झाला आहे.

आपण केशवराव साहेबांच्या नावे दिलेले शिफारसपत्र दौलतने माझ्याजवळ दिले. त्यात आपण लिहिले आहे की याचे अक्षर मोत्यासारखे, वाचन स्पष्ट, स्वभाव अत्यंत आज्ञाधारक, आणि कोणत्याही कामास नाही म्हणणार नाही. सर्व खरे आहे. म्हणूनच ते पत्र मी कोणास दाखविले नाही. इतके गुण एकदा कळले, तर त्याला पगार कोण देईल?

आपण मला शिकविलेत, हे मी कधी विसरणार नाही. आईचा आपणास नमस्कार.

आपला
जानराव